ताबा बदलून मिळण्याबाबत

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि कानाए उराबे तशी चांगली शहाणी बाई होती. तरी नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती कुटुंब न्यायालयाच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन खिडकीशी उभी राहिली आणि कारकुनाला म्हणाली, "मुलीचा ताबा वडिलांकडे आहे. इथल्याच हुकमाने दिलाय. तो बदलून मागायचा तर कुठला कागद भरायचा?"

कारकून पोरसवदा होता, पण असले प्रश्न त्याला नवे नसावेत. त्याने खण उघडून दोन पानी अर्ज काढला आणि पेन्सिलीने हलक्या खुणा करत गेला. "इथे तुमचं नाव, इथे मुलीचं, इथे सहीच्या जागी तुमच्या नावाचा शिक्का. आणि इथे कारण."

कारणासाठी चार ओळी आखलेल्या होत्या.

"एवढ्यात नाही मावलं तर?" कानाएने विचारलं.

"वेगळा कागद जोडता येतो. पण बहुतेकांचं मावतं."

तिचंही मावलं. 'तेव्हा मी आजारी होते. आता बरी आहे. नोकरी आहे, राहायला जागा आहे. मुलीला माझ्याजवळ आणायचं आहे.' चौथी ओळ मोकळीच राहिली. तिथे काहीतरी लिहायला हवं असं तिला वाटत राहिलं, पण मागे दोन माणसं खोळंबली होती, म्हणून तिने शिक्का मारून कागद सरकवला.

'तेव्हा' म्हणजे दोन वर्षं चार महिन्यांपूर्वी. तेव्हा ती तोशिकी हासेबेची बायको होती आणि बंदराजवळच्या हासेबे तोफूवाल्यांची सून. पहाटे साडेतीनला उठायचं, भिजलेलं सोयाबीन दळायचं, त्याचं दूध उकळायचं, आणि गार पाण्याच्या हौदात कोपरापर्यंत हात घालून तोफूच्या लाद्या कापायच्या. आठ वर्षं तिने हे केलं. नवव्या वर्षी छातीत पाणी झालं आणि ती तीन महिने इस्पितळात पडली. नवरा-बायकोचं बोलणं त्याच्या आधीच दुकानापुरतं उरलं होतं. इस्पितळातून ती सासरी न जाता डोंगराकडच्या आईकडे गेली आणि मग जे व्हायचं तेच झालं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. कोर्टात दोन वेळा बसले आणि हुकूम झाला. 'मुलगी शिओरी हिचा ताबा वडिलांकडे राहील. आई व मुलगी यांच्या भेटीचे उभयतांनी आपसात ठरवावे.'

कानाएने त्यावर शिक्का मारला, कारण तिच्याजवळ ना घर होतं ना नोकरी, आणि जिना चढताना मध्ये दोनदा बसावं लागत होतं. पाच वर्षांच्या पोरीला ती कुठे नेणार होती? तिच्या मनात हे तूर्तास होतं. जरा अंगात बळ आलं की आणू. कागदावर मात्र 'तूर्तास' हा शब्द कुठेही नव्हता.

त्या दिवशी कोर्टाच्या दारात तिची सासू तोमिए कमरेत पार वाकली. म्हातारीला संधिवात, तरी वाकली. "कानाए, एकच मागते. पोर झोपेतून उठून तुला शोधते. खोल्या-खोल्यांतून हिंडते. तिला जरा रुळू दे. तोवर येऊ नकोस. तू येऊन परत गेलीस की आमचं पुन्हा पहिल्यापासून सुरू."

कानाए तिच्याहून खाली वाकली. "बरं, आई. ती रुळली की कळवा. मी येईन."

"कळवते हो," तोमिए म्हणाली.

आमच्याकडे ही एक खुळी रीत आहे. मोडलेल्या घरातून जो बाहेर पडतो त्याने लांब राहावं, मुलाच्या मनाची कालवाकालव करू नये, यातच त्याचा मोठेपणा. दारात येऊन मुलाला हाक मारणारी आई ती हावरट. पडद्याआड बसून सोसणारी ती समजूतदार. शेजारपाजारचे मान डोलावतात, 'किती विचार करते हो पोरीचा,' आणि त्या मान डोलावण्यापायी माणसं आपल्या काळजाचा तुकडा परक्याच्या ओसरीवर ठेवल्यासारखा ठेवून निघून जातात. असल्या समजूतदारपणाला आग लागो, असं मला कैकदा वाटलंय. पण मीही याच गावातली. माझ्यावर वेळ आली असती तर मीही पडद्याआडच बसले असते.

कानाए बसली. वाढदिवसाला आणि नववर्षाला ती शिओरीला कपड्यांचं पार्सल पाठवी. चार दिवसांनी तोमिएच्या वळणदार अक्षरात पोचपावती येई, 'कपडे मिळाले. आपण आठवण ठेवलीत, आभारी आहोत. थंडीत प्रकृतीस जपावे.' कानाए ते पत्र उलटसुलट करून वाची. 'आता ये' असं कुठे लिहिलंय का, ते बघे. लिहिलेलं नसे. मग पोर अजून रुळली नसेल, असं म्हणून ती पत्र डब्यात ठेवून देई.

बरी झाल्यावर ती गावात परत आली, पुलापलीकडे दोन खोल्या घेतल्या आणि शाळांच्या जेवणाच्या केंद्रात कामाला लागली. गावातल्या सात शाळांचं दुपारचं जेवण तिथे शिजतं. दोन हजार चारशे ताटं. पांढरे कपडे, डोक्याला जाळी, तोंडाला मास्क, फक्त डोळे उघडे. भाजी तीन पाण्यांतून काढायची, वल्ह्याएवढ्या पळीने कढया ढवळायच्या, आणि पावणेअकराला ट्रक भरून रवाना करायचे. त्या सातांत शिओरीची शाळाही होती. म्हणजे रोज दुपारी सव्वाबाराला पोर आईच्या हातचं जेवत होती आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

दुपारी दीडला रिकामी भांडी परत येत. कुठल्या वर्गाने किती टाकलं त्याचं वजन होई, कारण आहार ठरवणाऱ्या बाईंना ते लागे. भांडी धुण्याचं काम कोणाला नको असायचं. कानाएने ते आपणहून मागून घेतलं. प्रत्येक भांड्याला शाळेची आणि वर्गाची चिठ्ठी असे. शिओरीच्या शाळेचं दुसरी 'अ'चं भांडं आलं की ती ते आधी उघडी.

यासुयो तिच्या शेजारी उभी राहून भांडी धूत असे. साठीची, तोंडाने फटकळ, तीन मुलं आणि दोन नवरे निभावलेली. तिच्या नजरेतून काय सुटणार? एके दिवशी ती म्हणाली, "काय गं, त्या भांड्यात काय सोन्याची अंगठी सापडते का तुला? रोज डोकं खुपसतेस ते."

कानाए म्हणाली, "माझी मुलगी आहे त्या वर्गात."

यासुयोने नळ बंद केला. मग कानाएने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "तिला भोपळा आवडतो, यासुयोताई. गोड शिजवलेला असला की भांडं अगदी चाटूनपुसून येतं. समुद्रशेवाळ परत येतं. पण भोपळा कधी नाही."

"अठ्ठावीस पोरं आहेत त्या वर्गात."

"माहीत आहे मला."

"अगं मग उष्ट्यांवर काय दिवस काढतेस? कायमची नोकरी झाली ना यंदा? खोल्या आहेत ना? कोर्टात जा. 'माझी पोर मला द्या' म्हणून सांग. चोरी करायला सांगत नाही तुला."

यासुयोने हे दोन-तीन महिने रोज सांगितलं तेव्हा कुठे कानाए त्या खिडकीपर्यंत पोचली.

अर्ज पडला की कोर्ट आधी समेटाला बसवतं. नवरा एका खोलीत थांबतो, बायको दुसऱ्या खोलीत, आणि दोन मध्यस्थांसमोर आळीपाळीने जायचं. एकमेकांचं तोंडही दिसत नाही. कानाएच्या वाट्याला आले ते एक निवृत्त मुख्याध्यापक आणि एक पुष्परचना शिकवणाऱ्या बाई. दोघंही चांगली माणसं. मुख्याध्यापकांनी तिचे कागद पाहिले, डॉक्टरचा दाखला पाहिला, "छान, तब्येत सुधारलीय," म्हणाले, आणि मग चष्मा वर सरकवून विचारलं, "हुकूम झाल्यापासून मुलीला किती वेळा भेटलात?"

"नाही भेटले."

"म्हणजे अलीकडे?"

"एकदाही नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "भेटू दिलं नाही त्यांनी?"

"नाही नाही, तसं नाही. मीच विचारलं नाही. पोरीच्या मनाला त्रास होईल म्हणून."

दोघांनी मान डोलावली. तीच ती गावाची मान. त्यांना पुरतं समजलं होतं, ती दोघंही तिच्या जागी असती तर तेच करती. पण कागदावर समजुतीचा रकाना नव्हता, भेटींचा होता. मुख्याध्यापकांनी तिथे शून्य लिहिलं.

मग तोशिकीची पाळी. तो काय म्हणाला ते बाईंनी तिला नंतर सांगितलं. तो म्हणाला, मी तिला कधीच मनाई केली नाही. ती आलीच नाही. मला वाटलं तिने नवं आयुष्य सुरू केलंय, आपण कशाला लुडबुड करा. बोलवायचं दोनदा मनात आलं होतं, पण आई म्हणाली, ती बिचारी दुखण्यातून उठतेय, तिच्यावर पोरीचं ओझं टाकू नकोस. म्हणजे इकडे ही त्यांच्या निरोपाची वाट बघत होती आणि तिकडे ते हिला त्रास नको म्हणून निरोप पाठवत नव्हते. कानाएला रागवायचं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला कोणावर तरी सणसणीत रागवायचं होतं, आणि बघते तर रागवायला समोर कोणी वाईट माणूसच नव्हतं.

जानेवारीत कोर्टाच्या तपासनीस मियाझोनोबाई तिच्या खोल्या बघायला आल्या. कानाएने आदल्या रविवारी शिओरीसाठी लिहायचं टेबल आणून ठेवलं होतं. बाईंनी टेबल बघितलं, खिडकी बघितली, शाळा किती लांब पडेल विचारलं. चहा घेतला नाही. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "शिओरीला काय काय आवडतं?"

कानाएने खूप आठवून पाहिलं. पाच वर्षांची असताना तिला मुंग्यांच्या रांगा बघायला आवडायचं, जोड्याचे बंद स्वतः बांधायला आवडायचं. पण बाई आताचं विचारत होत्या. आताचं तिला एकच ठाऊक होतं.

"भोपळा," ती म्हणाली. "गोड शिजवलेला."

मियाझोनोबाईंनी ते लिहून घेतलं.

नंतर त्या तोफूच्या दुकानी गेल्या, शाळेत वर्गशिक्षिकेला भेटल्या, शिओरीशी दोनदा एकटीशी बोलल्या. त्यांचा अहवाल मार्चमध्ये आला. मध्यस्थ बाईंनी खालच्या आवाजात तो वाचला. मुलगी निरोगी आहे. अभ्यासात ठीक. आजीला दुकानात मदत करते. जेवणात भोपळा आवडत नाही, शेजारच्या मुलाला देते, तो आवडीने खातो.

कानाए हसली. हसू आलंच तिला. बाईंनी थांबून तिच्याकडे पाहिलं आणि मग पुढचं वाचलं. तिथे पोरीचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते.

'आईकडे राहायला जायचं का असं विचारल्यावर मुलगी म्हणाली, माणूस दुसऱ्या घरी राहायला गेलं की मग दिसत नाही. आई गेली ती दिसली नाही. मी आईकडे गेले तर बाबा आणि आजी दिसायचे बंद होतील. आई नाही याची मला आता सवय झालीय. बाबा आणि आजी नाहीत याची सवय करायला परत तेवढेच दिवस लागतील. ते दिवस मला नकोत.'

कानाएला रडू येईल असं वाटून बाईंनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवून ठेवला होता, पण तिला रडू आलं नाही. तिला लाज वाटली. पोरीला त्रास नको म्हणून ती दोन वर्षं तोंड लपवून बसली होती, आणि तेवढ्या काळात पोर एक गोष्ट पक्की शिकली होती. ती तिला आईनेच शिकवली होती, रोज, न चुकता, न येऊन.

मुख्याध्यापक खाकरले. "तुम्हाला अर्ज पुढे चालवायचा असेल तर तो न्यायाधीशांसमोर जाईल. तुमचा हक्क आहे. पण खरं सांगू का, मूल जिथे नीट नांदतंय तिथून त्याला उठवायला कोर्ट सहसा धजत नाही."

"आणि उठवलंच तर?" कानाएने विचारलं.

"तर ती तुमच्याकडे येईल."

"तिच्या मनाने तिचे बाबा आणि आजी मेल्यासारखे होतील."

"सुरुवातीला तसं वाटेल कदाचित. मुलं रुळतात हो."

रुळतात, हा शब्द ऐकला आणि तिने मान वर केली. "नको," ती म्हणाली. "मी अर्ज मागे घेते. त्याबदली भेटी लिहून द्या मला. आपसात ठरवा असं नको. तारीख, वार, वेळ, सगळं लिहा."

तोशिकी पलीकडच्या खोलीतून लगेच हो म्हणाला. महिन्याचा पहिला रविवार, दहा ते एक. अर्ज मागे घेण्याच्या कागदावर तिने मारलेला शिक्का अर्धाच उमटला. कारकुनाने तो पुन्हा मारायला लावला.

दुसऱ्या दिवशी यासुयो तिच्यावर उखडली. "वेड लागलं का तुला? चार महिने झगडलीस ते महिन्यातल्या तीन तासांसाठी? पोर लहान आहे, तिला काय कळतं?"

"तिला जेवढं कळलंय ते मीच शिकवलंय, यासुयोताई."

"मग आता?"

"आता एकदा तरी तिला दिसू दे, की दुसऱ्या घरी राहणारं माणूस परत येतं. एकदा नाही, दर महिन्याला येतं. मग बघू."

"आणि तोवर तू काय करणार?"

समोर पाचवी 'ब'चं भांडं होतं, ते कानाएने घासायला घेतलं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी बरोबर दहाला शिओरी दुकानाच्या दारात उभी होती. केस कापलेले, वेणी गेलेली, पुढचे दोन दात नवे आणि मोठे. तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आज वेळ काढलात, आभारी आहे." आजीने पढवलं असणार. कानाएही वाकली. मग दोघी नदीच्या मुखापर्यंत चालत गेल्या, समुद्रपक्षी बघितले, एका दुकानात गरम शेवयांचा रस्सा खाल्ला. पोर प्रत्येक गोष्ट विचारून करत होती. पाणी घेऊ का? खिडकीशी बसू का? सँडल काढू का? पाहुण्याकडे आल्यासारखी. एकदा वाऱ्याने तिचे केस तोंडावर आले तेव्हा कानाएचा हात वर गेला आणि मधेच थांबला. पोरीने केस स्वतःच मागे सारले.

शिओरीने तिला आई म्हणून हाक मारली नाही, पण दुसरं काही म्हणूनही मारली नाही. तीन तास ती नुसती समोर येऊन बोलत राहिली. एकाला पाच मिनिटं कमी असताना दोघी तोफूच्या दुकानाच्या कोपऱ्यावर परत आल्या. तिथे मात्र पोर थांबली.

"तुला कोर्टाने सांगितलं म्हणून आलीस?"

"नाही गं. मी मागितलं म्हणून कोर्टाने लिहून दिलं."

"पुढच्या महिन्यात येणार?"

"पहिल्या रविवारी. दहाला. आणि त्याच्या पुढच्याही."

शिओरीने त्यावर विचार केला. "तू राहतेस कुठे?"

"पुलापलीकडे. सायकलचं दुकान आहे ना, त्याच्या माडीवर."

"माझी सायकल तिथलीच आहे," शिओरी म्हणाली. "बाबांनी वाढदिवसाला घेतली." मग तिच्या कपाळाला आठी पडली. "तू तेव्हापण तिथेच राहायचीस?"

खोटं बोलता आलं असतं. नुकतीच आले, असं म्हणता आलं असतं, आणि पोरीने विश्वासही ठेवला असता. "हो," कानाए म्हणाली. "तेव्हाही तिथेच होते."

"मला वाटायचं तू खूप लांब आहेस. तोक्योपेक्षा लांब. म्हणून येता येत नसेल."

"नाही. जवळच होते."

शिओरी तिच्याकडे बघत राहिली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, गणित चुकलं की मुलं वहीकडे बघतात तशी बघत होती. मग हळूच म्हणाली, "लांब असतीस तर बरं झालं असतं."

तिने वाकून नमस्कार केला, वळली आणि दुकानाचा पडदा बाजूला करून आत गेली. आतून तोमिएचा आवाज आला, "आलीस का गं?" आणि पोर म्हणाली, "आले." एवढा वेळ आभार मानून मानून बोलणारी पोर ते मात्र सवयीने, मोठ्यांदा, तोंड भरून म्हणाली. कानाए पडद्याबाहेर उभी राहिली. आत पाट सरकवल्याचा आवाज आला, भांडी वाजली, आणि घरची माणसं दुपारच्या जेवणाला बसली.